शेवटचा हात

गिअरबॉक्स बसवून दिला मंगळवारी.
गुरुवारी गोचाची फोर्ड पुन्हा दारात,
चियातुराचा चढ चढून दमलेली,
काचांवर मँगनीजची काळी धूळ.
गोचा उतरला तोच तोंड सुरू:
"आणली तेव्हा फक्त गिअर पडत नव्हता.
आता गिअर पडतो,
बाकी सगळं पडलंय."

स्टार्टर कण्हतो.
डावा इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा उड्या मारतो.
दिवे लावले की हॉर्नचा घसा बसतो.
आणि पाय उचलला तरी इंजिन
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं
चढ्या आवाजात बोलतच राहतं.

नवी बॅटरी त्यानं आधीच घातली होती,
कुतैसीहून, मेव्हण्याच्या पैशांनी.
फरक शून्य.
टायरवाला म्हणाला, डिझेलात पाणी.
भट्टीवरची त्सियाला म्हणाली, दृष्ट.
वालिकोकाका बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत होते,
मान वर न करता म्हणाले,
"स्टार्टर गेला. बदल."

मी त्यांच्याच हाताखाली शिकले.
अकरा वर्षांपूर्वी याच खड्ड्यात उभं करून
त्यांनी घोकून घेतलं होतं माझ्याकडून:
दुरुस्तीनंतर दुखणं आलं
तर दुखण्याच्या मागे धावू नकोस, पोरी.
शेवटचा हात कुठे लागला
ते आधी बघ.

मी स्टार्टरला हात लावला नाही.
मीटरची एक तार इंजिनाला टेकवली,
दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला.
फिरव किल्ली.
इथे आकडा शून्यापाशी झोपून राहायला हवा.
सहा व्होल्ट.
म्हणजे अर्धी वीज
परतीचा रस्ता शोधत भटकत होती.

तो तिला कुठे सापडला होता
ते बोटांना कळलं.
ॲक्सिलरेटरची केबल चाचपली आणि चटका बसला.
सुतळीएवढी केबल,
पायानं दाबलं की ओढलं जायचं, एवढंच तिचं काम,
ती स्टार्टरचा सगळा भार अंगावर घेऊन
स्वतःचंच प्लास्टिक वितळवत होती,
अडकत होती, सुटत नव्हती.
जिचं ते काम
ती जाड पट्टी जागेवर नव्हती.

वीतभर, तांब्याची, विणलेली.
गिअरबॉक्स उतरवताना सोडायची,
चढवताना लावायची.
गॅरेजात तिला अर्थ म्हणतात.
अर्थ सुटला म्हणून काही लगेच बंद पडत नाही.
चालत राहतं,
मिळेल त्या तारेला धरून,
आणि बघणाऱ्याला वाटतं, बॅटरी असेल,
पाणी असेल, वय असेल.

मंगळवारी खड्ड्यात मी होते.
वर काका.

पट्टी भिंतीवर मिळाली,
कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली,
विसरू नये म्हणून.
त्याच खिळ्याला त्यांच्या चष्म्याची दोरी,
दुकानाची जादा किल्ली,
आणि एका कागदावर, त्यांच्याच अक्षरात,
माझं नाव.

बोल्ट काही सापडला नाही.
डब्यातला दुसरा लावला.
नवी केबल टाकली, माझ्या खर्चानं.
किल्ली फिरवली तशी फोर्ड
एका दमात बोलली आणि गप्प, नीट, हलक्या सुरात.
"काय होतं?" गोचानं विचारलं.
म्हटलं, "पट्टी लावायची राहिली. मीच विसरले."
त्यानं बॅटरीच्या पैशांवरून एक शिवी दिली,
ती रास्त होती. मी घेतली.

काका खिळ्याकडे बघत होते.
मग म्हणाले,
"किती वेळा सांगितलं तुला.
शेवटचा हात आधी बघायचा."

"हो, काका."

ते घरी गेल्यावर बाक झाडला.
टरफलांच्या ढिगात तेरा नंबरचा बोल्ट,
स्वच्छ पुसलेला,
आट्यांवरून तेलाचं बोट फिरवलेला.